ग्रहणात ओठ फाटत नाही

ग्रहण आलं की वस्तीतल्या गरोदर लेकीसुनांचे हाल सुरू होतात. वेध लागल्यापासून घास नाही, पाणी नाही. विळीला हात लावायचा नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. पुढे बाळ फाटलेल्या ओठाचं जन्मलं, तर बोट तिच्याकडेच: ‘ग्रहणात काहीतरी चिरलं असणार हिनं.’ भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरांतही हे चालतं, म्हणून आम्ही हा विषय घेतला.

चंद्राला स्वतःचा उजेड नाही, पृथ्वीलाही नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडली की चंद्रग्रहण, चंद्राची सावली पृथ्वीवर पडली की सूर्यग्रहण. चंद्रग्रहण पौर्णिमेलाच होतं, कारण तेव्हाच पृथ्वी सूर्य आणि चंद्राच्या मधे येते. मग दर पौर्णिमेला का होत नाही? चंद्राची वाट सुमारे 5 अंशांनी तिरकी आहे, त्यामुळे बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. आणि रात्र म्हणजे तरी काय? पृथ्वीचीच सावली. गरोदर बाई रोज रात्री त्याच सावलीत झोपते. तीच सावली 3,84,000 किलोमीटरवरच्या चंद्रावर पडली, तर पोटातल्या बाळाला काय होणार?

सूर्यग्रहणात जपायचे ते डोळे, आणि तेही सगळ्यांनीच. साधा गॉगल किंवा एक्स-रेची फिल्म लावून सूर्याकडे बघू नका, दृष्टी जाऊ शकते.

आता ओठाचं. बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मधे जुळतो. वरचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. म्हणजे सातव्या महिन्यात ग्रहण आलं आणि तिनं विळीवर भाजी चिरली, तरी जुळलेला ओठ उकलणार कसा?

तो न जुळण्यामागे कधी घराण्यातला वारसा असतो, कधी बिडी-सिगारेट, आधीपासूनचा मधुमेह, फिटच्या काही गोळ्या. (फिटच्या गोळ्या मनानं बंद करू नका; दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला.) पुष्कळदा एक नेमकं कारण सापडतच नाही. वारसा बापाकडूनही येतो, हे मात्र कुणी बोलत नाही. मिश्रीनं ओठ फाटतो असं आम्ही म्हणणार नाही, पण तंबाखूनं बाळाचं वजन घटतं, म्हणून तीही सोडा.

खरा त्रास होतो तो उपाशी ठेवण्यानं. तासन्‌तास पाणी नाही मिळालं की चक्कर येते, लघवीला जळजळ होते, मधुमेह असला तर धोका आणखी वाढतो. तिला वेळेवर जेवू द्या, पाणी द्या, गोळ्या चुकवू नका.

बाळ तसं जन्मलंच तर घाबरू नका. टाळू फाटलेली असेल तर त्याला नीट ओढता येत नाही. आईचं दूध काढून, बाळाला उभं धरून, वाटी-चमच्यानं थोडं थोडं पाजा, मधे मधे ढेकर काढा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते, टाळूची वर्षाच्या आसपास. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. आशाताईंना किंवा अंगणवाडीत पहिल्याच आठवड्यात सांगा, म्हणजे वजन भरायला आणि तारीख मिळायला वेळ राहतो.