सूक्ष्मदर्शकातील तेजोबिंदूंचे मोजमाप



ज्या शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही पुस्तिका निघत आहे, त्यांनी प्रयोगशाळेत स्क्रूगेज हाती देताना आम्हांला एक दंडक घालून दिला होता. वस्तू मोजण्यापूर्वी उपकरण मिटवून पाहावे. ते शून्यावर येत नसेल, तर तेवढा फरक वहीत आधी नोंदवावा. पुढे अनेक वर्षे मी सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या चमकत्या ठिपक्यांची तेजस्विता मोजण्याचे काम केले. त्या कामाचे बरेचसे मर्म या एका दंडकात आहे, हे मला फार उशिरा उमगले. आज त्याविषयीच थोडे विवेचन करतो.

काही द्रव्ये निळा किंवा जंबुपार प्रकाश शोषून घेतात आणि अधिक तरंगलांबीचा, म्हणजे हिरवा वा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला आपण प्रतिदीप्ती म्हणतो. त्याचे इंग्रजी नामकरण १८५२ साली स्टोक्स या शास्त्रज्ञाने केले. अशा द्रव्याने जीवाणू रंगवला, की काळोख्या पार्श्वभूमीवर तो काजव्यासारखा उजळतो.

याचे महत्त्व आपल्या नद्यांच्याच उदाहरणाने सांगता येईल. १९६६ साली स्थापन झालेल्या आणि दोनापावल येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी मांडवी व जुवारीच्या पाण्यातील जीवाणू मोजताना ही पद्धत वापरली आहे. पाण्याचा नमुना ॲक्रिडिन ऑरेंजसारख्या रंगाने रंगवून ०.२ मायक्रॉन छिद्रांच्या काळ्या गाळणपटलावरून गाळतात आणि पटलावर उरलेले ठिपके मोजतात. समुद्राच्या एक मिलिलिटर पाण्यात साधारणपणे दहा लाखांच्या घरात जीवाणू असतात. पोषक द्रव्याच्या बशीत वाढवून मोजू गेल्यास त्यांतील शेकडा एकही बहुधा उगवत नाही. म्हणजे हे ठिपके दिसू लागले नसते, तर आपल्या खाडीतील बहुसंख्य जीवसृष्टी हिशेबाबाहेरच राहिली असती.

परंतु ठिपके मोजणे निराळे आणि प्रत्येक ठिपक्याचे तेज व आकार मोजणे निराळे. छायाचित्रातील ठिपक्याच्या मध्यातून एक रेषा ओढावी आणि तिच्यावरील प्रत्येक पिक्सेलचा आकडा आलेखावर मांडावा. मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारी टेकडी मिळते. हाच तेजस्वितेचा आलेख. तो वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिले ठिकाण म्हणजे टेकडीचा पायथा. ठिपक्याभोवतीचा काळोख कधीच पूर्ण काळा नसतो; गाळणपटल, उरलेला रंग आणि कॅमेरा हे सारे थोडा उजेड त्यात मिसळतात. तेरेखोलच्या पात्रातील खडकाची उंची पाण्यापासून मोजली, तर ती भरती-ओहोटीप्रमाणे बदलेल. तसेच हे आहे. नमुन्यादाखल एक हिशेब पाहू. ४९ पिक्सेलांच्या चौकोनातील आकड्यांची बेरीज ९,८०० आणि भोवतालची सरासरी १२० असेल, तर ५,८८० वजा जाऊन ठिपक्याचे खरे तेज ३,९२० उरते. तीच सरासरी चुकून १४० धरली, तर उरतात २,९४०. पायथ्यातील २० अंकांच्या चुकीने चतुर्थांश तेज नाहीसे झाले!

दुसरे ठिकाण म्हणजे शिखर. आठ बिटांच्या चित्रात सर्वांत मोठा आकडा २५५. त्यापुढे कितीही उजेड पडला तरी नोंद २५५ चीच होते. मग टेकडीचा माथा मोपाच्या सड्यासारखा सपाट दिसतो. मी स्वतः एकदा दोन नमुन्यांचे तेज सारखेच असल्याचा निष्कर्ष काढला होता. प्रत्यक्षात दोन्हींचे माथे छाटले गेले होते. चित्रे सुरेख होती, पण आठवड्याचे काम टाकून द्यावे लागले. छाटलेला माथा मागाहून कोणत्याही गणिताने खात्रीने परत मिळत नाही. प्रकाश देण्याचा कालावधी आधीच कमी करणे, हाच उपाय. आणि सर्व नमुन्यांना तो सारखाच द्यावा, कारण उजेडात रंग विटत जातो.

तिसरे ठिकाण म्हणजे रुंदी. प्रकाशाच्या विवर्तनामुळे, कितीही लहान वस्तू असली तरी तिचा ठिपका ठरावीक रुंदीहून लहान दिसत नाही. या मर्यादेचे विवेचन ॲबे याने १८७३ साली केले. उत्तम तैलभिंगातून हिरव्या प्रकाशात ही रुंदी सुमारे ०.२ मायक्रॉन भरते. रात्री दुरून पाहिलेल्या होडीवरील दिव्याचे वलय दिव्याहून मोठे दिसते, त्यातलाच हा प्रकार. यावर संकेत असा, की पायथा वजा करून शिखराच्या निम्म्या उंचीवर रुंदी मोजावी, आणि तिची तुलना आकार ठाऊक असलेल्या मण्यांच्या ठिपक्याशी करावी. हे न केल्यास ०.४ मायक्रॉनचा गोल जीवाणू ०.५ चा भासू शकतो. फरक क्षुल्लक वाटतो. परंतु घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते जवळजवळ दुप्पट होते. त्यावरून खाडीतील जीवाणूंचे एकूण वस्तुमान काढले, तर तेही दुपटीने फुगते.

गंमत अशी, की ठिपक्याची रुंदी कमी करता आली नाही तरी त्याचा मध्य मात्र रुंदीपेक्षा पुष्कळच अचूकपणे ठरवता येतो. जितके प्रकाशकण अधिक, तितका मध्य नेमका. एकेक रेणू वेगवेगळ्या वेळी उजळवून या तत्त्वाचा उपयोग करणाऱ्या कार्यासही २०१४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आज संगणक क्षणार्धात असे हजारो आलेख काढतो. तरी पायथा कोठे धरला, माथा छाटला गेला का आणि रुंदी कशाशी ताडून पाहिली, हे प्रश्न मोजणाऱ्यानेच विचारावे लागतात. मोजलेला आकडा लिहिण्यापूर्वी शून्य कोठे आहे ते लिहावे, ही शिस्त मला या शाळेच्या बाकावर मिळाली. ती शिस्त पुढच्या विद्यार्थ्यांच्या हाती जशीच्या तशी पोहोचावी, हीच त्यांच्या स्मृतीस माझी आदरांजली.