टीयू-१४४चे पुनरुड्डाण

सेवेतून निवृत्त झालेले स्वनातीत प्रवासी विमान, म्हणजे ध्वनीहून अधिक वेगाने प्रवासी नेण्यासाठी बांधलेले विमान, पुन्हा उड्डाणक्षम करता येईल काय, या प्रश्नाची चर्चा गेली दोन दशके जवळजवळ सर्वस्वी कॉन्कॉर्डभोवती फिरत राहिली आहे. हा प्रयोग प्रत्यक्षात एकदा झालेला आहे आणि यशस्वीही झालेला आहे; मात्र तो कॉन्कॉर्डवर झाला नसून त्याच्या सोव्हिएत प्रतिस्पर्ध्यावर, टीयू-१४४वर, झाला, आणि त्यासाठी लागलेला पैसा अमेरिकेतून आला. १९९६ ते १९९९ या काळात मॉस्कोजवळच्या झुकोव्हस्की येथून झालेल्या त्या उड्डाणांचा इतिहास तपासला, तर जुन्या विमानाला पुन्हा आकाशात नेण्यासाठी नेमके काय लागते हे स्पष्ट होते, आणि कॉन्कॉर्डच्या बाबतीत तेच का जुळून आले नाही याचाही उलगडा होतो.

टीयू-१४४ची पूर्वपीठिका थोडक्यात अशी आहे. अँड्रेई तुपोलेव यांच्या आरेखन संस्थेत त्यांचे पुत्र अलेक्सेई तुपोलेव यांच्या नेतृत्वाखाली घडलेले हे विमान ३१ डिसेंबर १९६८ रोजी, म्हणजे कॉन्कॉर्डच्या आधी सुमारे दोन महिने, प्रथम उडाले. ३ जून १९७३ रोजी पॅरिसच्या विमान प्रदर्शनात झालेल्या अपघातात विमानातील सहा आणि जमिनीवरील आठ जणांचा बळी गेला. मॉस्को ते अल्मा-आता या मार्गावर १९७५च्या डिसेंबरात टपाल आणि मालाची, तर १ नोव्हेंबर १९७७ पासून प्रवाशांची वाहतूक सुरू झाली. पण अवघ्या ५५ प्रवासी फेऱ्यांनंतर, १९७८च्या जूनमध्ये, ती कायमची थांबली. त्यामागे अनेक कारणे असली तरी इंजिनाचे कारण मोठे होते. सुरुवातीच्या विमानांतील एनके-१४४ इंजिनांना ध्वनीच्या दुप्पट वेग टिकवण्यासाठी आफ्टरबर्नर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत आणखी इंधन फवारून ते पेटवणारी यंत्रणा, सतत चालू ठेवावी लागे आणि त्यामुळे इंधनाचा खप पल्ल्याच्या मुळावर येई. कॉन्कॉर्डची ऑलिंपस इंजिने हीच यंत्रणा केवळ उड्डाण करताना आणि ध्वनीचा टप्पा ओलांडून वेग वाढवताना वापरत, एवढा फरक दोन्ही विमानांचे भवितव्य ठरवण्यास पुरेसा होता. कोलेसोव्ह यांच्या आरेखनाची आरडी-३६-५१ ही नवी इंजिने बसवून टीयू-१४४डी ही सुधारित आवृत्ती तयार करण्यात आली, परंतु तोवर शासनाचा उत्साह ओसरला होता.

या सुधारित मालिकेतील ७७११४ क्रमांकाचे विमान १९८१ मध्ये बांधून पूर्ण झाले. ते प्रवासी सेवेत कधीच आले नाही. चाचणी आणि संशोधनासाठी वापर होऊन ते बंद पडले, तेव्हा त्याच्या नावावर ८३ तासांहूनही कमी उड्डाण जमा होते. पुनरुज्जीवनाच्या दृष्टीने ही बाब अत्यंत मोलाची ठरली, कारण स्वनातीत विमानाचा सांगाडा प्रत्येक फेरीत दुहेरी ताण सोसतो. उंचीवर केबिनमधील दाब आणि बाहेरची विरळ हवा यांतील तफावतीने तो फुगतो, आणि हवेच्या घर्षणाने व दाबाने तापल्यामुळे प्रसरण पावतो. अशी आवर्तने जितकी अधिक तितका धातू थकतो, आणि या कसोटीवर ७७११४ चा सांगाडा जवळजवळ नवा होता.

अमेरिकेच्या नासा या संस्थेला त्या काळी नेमक्या अशाच विमानाची गरज होती. सुमारे तीनशे प्रवाशांना ध्वनीच्या २.४ पट वेगाने नेणाऱ्या भावी विमानाचे तंत्रज्ञान विकसित करण्याचा तिचा एक व्यापक संशोधन कार्यक्रम १९९०च्या दशकात चालू होता. त्यासाठी वायुबोगद्यात आणि संगणकावर काढलेली अनुमाने मोठ्या आकाराच्या खऱ्या विमानावर पडताळून पाहणे आवश्यक होते. कॉन्कॉर्डची विमाने तेव्हा प्रवासी सेवेत गुंतलेली होती. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर तुपोलेव संस्था आर्थिक विवंचनेत होती, तिच्या आवारात हे विमान उभे होते, आणि दोन्ही राष्ट्रांना सहकार्याचे एखादे दृश्य उदाहरण हवेच होते. १९९४च्या जूनमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर आणि रशियाचे पंतप्रधान व्हिक्टर चेर्नोमिर्दिन यांच्या पातळीवर या कामाला संमती मिळाली, आणि नासा, बोइंगच्या नेतृत्वाखालील अमेरिकी उद्योग व तुपोलेव संस्था यांच्या सहभागातून टीयू-१४४एलएल, म्हणजे 'उडती प्रयोगशाळा', आकारास येऊ लागली.

या कामातील सर्वांत बिकट अडचण इंजिनांची होती. आरडी-३६-५१ इंजिनांचे उत्पादन बंद झाले होते आणि जुन्या इंजिनांच्या भरवशावर नवा कार्यक्रम उभारणे शक्य नव्हते. त्यावर काढलेला तोडगा धाडसी होता. टीयू-१६० या रशियन हवाई दलाच्या स्वनातीत बॉम्बफेकी विमानासाठी कुझ्नेत्सोव्ह यांच्या संस्थेने घडवलेली, आफ्टरबर्नरसह सुमारे २५ टन रेटा देणारी एनके-३२१ ही इंजिने प्रवासी विमानाच्या पंखांखाली बसवण्याचे ठरले. इंजिन बदलणे हा साध्या विमानात मुख्यतः जोडणीचा प्रश्न असतो. स्वनातीत विमानात मात्र त्याचा अर्थ प्रणोदनाची सगळी व्यवस्था नव्याने जुळवणे असा होतो. याचे कारण हवेच्या प्रवेशमार्गात आहे. जेट इंजिनाच्या पुढच्या भागातील संपीडक, म्हणजे हवा दाबणारी फिरती पाती, ध्वनीपेक्षा जलद येणारी हवा पचवू शकत नाहीत, म्हणून विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाने जात असताना आत शिरणारी हवा काही मीटरच्या अंतरात ध्वनीच्या निम्म्या वेगापर्यंत मंद करावी लागते. प्रवेशमार्गातील हलत्या उतरत्या फळ्या आघाततरंगांची, म्हणजे वेगवान हवेत उमटणाऱ्या दाबाच्या तीक्ष्ण भिंतींची, अशी मांडणी करतात की हवेचा वेग दाबात परिवर्तित व्हावा. इंजिनाला लागणारी हवा आणि प्रवेशमार्गाने पुरवलेली हवा यांचे गणित किंचितही चुकले, तर आघाततरंग जागा सोडून बाहेर फेकला जातो आणि इंजिन धक्का खाऊन बंद पडू शकते. त्यामुळे अधिक मोठ्या इंजिनासाठी त्याची आवरणे नव्याने बांधावी लागली, आणि प्रवेशमार्ग व इंजिन यांच्यातील वायुप्रवाहाचा अभ्यास हा जमिनीवरील चाचण्यांचा स्वतंत्र विषय बनला.

याशिवाय विमानाच्या अंगावर आणि अंतरंगात तापमान मोजणाऱ्या तारा, दाबमापक, ध्वनिग्राहक आणि पृष्ठभागावरील हवेचे घर्षण मोजणारी उपकरणे बसवण्यात आली, तसेच नोंदींसाठी अंकीय पद्धतीची नवी यंत्रणा जोडण्यात आली. १७ मार्च १९९६ रोजी विमान समारंभपूर्वक कारखान्यातून बाहेर आले आणि २९ नोव्हेंबर १९९६ रोजी तुपोलेवचे चाचणी वैमानिक सर्गेई बोरिसोव्ह यांच्या नेतृत्वाखाली ते झुकोव्हस्कीच्या धावपट्टीवरून उडाले. समारंभ आणि पहिले उड्डाण यांच्यामध्ये गेलेले आठ महिने अशा कामाच्या खऱ्या गतीची कल्पना देतात. विमान रंगवून उभे करणे आणि ते हवेत नेण्याइतका विश्वास त्याबद्दल निर्माण होणे, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिल्या टप्प्यात १९९८च्या फेब्रुवारीपर्यंत १९, आणि दुसऱ्या टप्प्यात सप्टेंबर १९९८ ते एप्रिल १९९९ या काळात ८, अशी एकूण २७ उड्डाणे झाली. विमानाच्या त्वचेचे तापमान, केबिनमधील आवाज, पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या थराचे वर्तन, आणि त्रिकोणी पंखाखाली धावपट्टीजवळ दाबल्या जाणाऱ्या हवेचा उतरतानाचा परिणाम असे विषय त्यांतून तपासले गेले. १९९८च्या सप्टेंबरात नासाचे गॉर्डन फुलर्टन आणि रॉबर्ट रिव्हर्स या वैमानिकांनी स्वतः हे विमान चालवले. फुलर्टन हे अंतराळयानाचेही सारथ्य केलेले वैमानिक होते, आणि शीतयुद्धात जे यंत्र प्रतिपक्षाच्या प्रतिष्ठेचे प्रतीक मानले गेले त्याची सूत्रे अशा व्यक्तीच्या हाती सोपवली जाणे, ही त्या अल्पजीवी काळाचीच देणगी म्हणावी लागेल.

या यशाचे श्रेय केवळ धातूच्या सुस्थितीला देता येत नाही. विमान ज्यांनी आखले ती संस्था जिवंत होती, तिची कागदपत्रे तिच्याच कपाटांत होती, ते हाताळलेले अभियंते आणि वैमानिक अजून कामावर होते, बदली इंजिन देणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा उद्योग देशात होता, आणि विमान प्रवासी नेणार नसल्यामुळे त्याला प्रायोगिक यंत्राचे नियम लागू होते. या पाच गोष्टींपैकी एक जरी नसती, तरी ७७११४ जागेवरून हलले नसते, असे मानण्यास सबळ आधार आहे.

हा निष्कर्ष ब्रिटनमधील एका वेगळ्या उदाहरणानेही पुष्ट होतो. कॉन्कॉर्डच्या ऑलिंपस इंजिनाचा पूर्वज ज्या व्हल्कन बॉम्बफेकी विमानांत होता, त्यांपैकी एक्सएच५५८ हे विमान लोकवर्गणी आणि सार्वजनिक निधी यांच्या बळावर दुरुस्त होऊन १८ ऑक्टोबर २००७ रोजी पुन्हा उडाले. त्याच्यासाठी न वापरलेली इंजिने साठ्यात उपलब्ध होती. तरीही २०१२ मध्ये ओलावा शोषणाऱ्या पिशव्या प्रवेशमार्गात राहून गेल्याने दोन इंजिने निकामी झाली. २०१५च्या ऑक्टोबरात त्याची उड्डाणे थांबली ती विमान मोडकळीस आल्यामुळे नव्हे. त्याच्या सुरक्षिततेची तांत्रिक हमी देणाऱ्या तीन कंपन्यांनी आपला पाठिंबा काढून घेतला, कारण अशा जुन्या यंत्राचे ज्ञान असलेली माणसे निवृत्त होत चालली होती आणि हमीवर सही करण्याइतके कौशल्य शिल्लक राहिले नव्हते.

कॉन्कॉर्डच्या बाबतीत हीच उणीव आरंभापासून होती. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ गोनेस येथे झालेल्या अपघातात ११३ जणांचा मृत्यू झाल्यानंतर इंधनटाक्यांना केव्हलार या चिवट तंतूचे अस्तर आणि नव्या प्रकारचे टायर बसवून विमाने २००१च्या नोव्हेंबरात सेवेत परतली, पण १० एप्रिल २००३ रोजी ती चालवणाऱ्या दोन्ही कंपन्यांनी निवृत्तीची घोषणा केली. एअर फ्रान्सची प्रवासी सेवा त्याच वर्षी ३१ मे रोजी, तर ब्रिटिश एअरवेजची २४ ऑक्टोबर रोजी संपली. रिचर्ड ब्रॅन्सन यांनी ब्रिटिश विमाने विकत घेण्याची तयारी दाखवली होती. ती मान्य झाली असती, तरी निर्माता म्हणून जबाबदारी वाहणाऱ्या एअरबसने तांत्रिक पाठबळ थांबवण्याचे ठरवले होते. प्रवासी विमानाला उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळतो तो त्याच्या मूळ आरेखनाला मिळालेल्या प्रमाणपत्राच्या आधारे, आणि त्या प्रमाणपत्राला जबाबदार धारक असावा लागतो, जो सुट्या भागांपासून तडे तपासण्याच्या सूचनांपर्यंत सर्व गोष्टींची हमी देतो. असा धारक उरला नाही की विमान कितीही चकाकत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते केवळ प्रदर्शनातील वस्तू असते.

विमानांची भौतिक स्थितीही काळाबरोबर ढासळत गेली. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाताना कॉन्कॉर्डचे नाक सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत तापे आणि या उष्णतेने प्रत्येक फेरीत सांगाड्यातील ओलावा उडून जाई, त्यामुळे नियमित उडणारे विमान गंजापासून बरेचसे सुरक्षित राही. तेच विमान उघड्यावर उभे राहिले की हे आपोआप होणारे शुष्कन थांबते. पंखांतील इंधनटाक्यांचे सांधे बंद करणारा लेप कोरडा पडून तडकतो, आणि द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणांतील वंगणरहित सील आकसतात. न्यूयॉर्कमध्ये एक विमान नदीकाठच्या धक्क्यावर, एका जुन्या युद्धनौकेशेजारी, उभे आहे. स्कॉटलंडला गेलेल्या विमानाचे पंख वाहतुकीसाठी कापावे लागले. कॉन्कॉर्डच्या चाहत्यांना हे कापणे जिव्हारी लागले, आणि त्यांची वेदना समजण्यासारखी आहे.

कॉन्कॉर्ड पुन्हा जिवंत करण्याचा सर्वांत आशादायक प्रयत्न पॅरिसजवळच्या ल बुर्जे येथील संग्रहालयात झाला. तेथील एफ-बीटीएसडी या विमानाच्या विद्युत आणि द्रवचालित यंत्रणा जुन्या तंत्रज्ञांनी व स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे निगराणी करून चालत्या ठेवल्या, इतक्या की त्याचे झुकणारे नाक पुन्हा खाली-वर होऊ लागले. २०१० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच गटांनी त्याच्या इंजिनांची अंतर्गत तपासणीही सुरू केली. यंत्र जिवंत ठेवण्याच्या दृष्टीने हे काम अतिशय मोलाचे आहे, कारण त्यातून वापरात असलेले ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते. उड्डाणापर्यंतचे अंतर मात्र पैशाने किंवा हौसेने कापता येण्यासारखे नव्हते. चार इंजिने, त्यांचे प्रवेशमार्ग, इंधन मागेपुढे सरकवून तोल सांभाळणारी व्यवस्था आणि ती चालवणारा फ्लाइट इंजिनिअर, या सर्वांसाठी उत्तरदायी राहणारी संस्था त्यासाठी आधी उभी करावी लागली असती.

ज्या विमानाला अशी संस्था लाभली, त्याचेही आयुष्य तिच्या हेतूपुरतेच वाढले. नासाचा कार्यक्रम १९९९ मध्ये गुंडाळला गेला, कारण अशा विमानाचा खर्च आणि आवाजाच्या मर्यादा यांचा मेळ बसत नाही असे उद्योगाचे मत झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील अखेरच्या उड्डाणानंतर ७७११४ ची इंजिने पुन्हा हवेत सुरू झाली नाहीत, आणि २०१९ मध्ये ते झुकोव्हस्की येथे स्मारक म्हणून उभे करण्यात आले. त्याच्या मालिकेतील दुसरे एक विमान जर्मनीतील झिन्सहाइमच्या संग्रहालयात एअर फ्रान्सच्या कॉन्कॉर्डशेजारी ठेवलेले आहे, आणि दोन्ही स्वनातीत प्रवासी विमाने एकत्र पाहता येतील असे ते जगातील एकमेव ठिकाण आहे.