शर्यतीचा बैलही सरकारजमा?

बैलगाडा शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरलेला बैल ज्याच्या दावणीला आहे, त्या जुन्नर-आंबेगावकराने हे वाचावेच. अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे पोलिसांच्या तोंडचा ‘एनडीपीएस’, १९८५ सालचा. त्याचे ६०वे कलम गांजा, अफू, मेफेड्रोन वाहून नेणारी गाडी सरकारजमा करण्याची मुभा देते, आणि त्यात वाहनाच्याही आधी शब्द येतो ‘जनावर’. पाठीवर गांजाची गोणी सापडली तर बैल, गाढव, उंट सगळे एका रांगेत. वाहनाच्या व्याख्येत विमान आणि जहाजही बसते, त्यामुळे डिंभे धरणातली होडीसुद्धा सुटत नाही.

जनावर हे वाहन होते, याला जुन्नरइतका जुना साक्षीदार कोण? कोकणातला माल सातवाहनांच्या काळी बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढायचा. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे आजही सांगतात. चोरटा माल पकडला तर बैलाचे काय करायचे, यावर मात्र तिथला सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख गप्प आहे. त्यात यज्ञांत दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि नाण्यांचा हिशेब आहे.

टोमॅटोही गेले!

हंगामात नारायणगावच्या टोमॅटो बाजाराबाहेर पिकअपची रांग लागते. समजा, त्यातल्या एकीत क्रेटच्या तळाशी कोणी गांजाची पाकिटे दडवली. गांजा गेला, गाडी गेली, आणि वर रचलेले टोमॅटोही गेले. कलम ६१ सांगते की अमली पदार्थ लपवायला वापरलेला मालही सरकारजमा होऊ शकतो. टोमॅटो खटल्याच्या निकालापर्यंत टिकत नाहीत, हे कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असावे. नासणारा माल न्यायालय लगेच विकायला लावू शकते.

आता खरी मेख. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात लागली म्हणून लगेच सरकारची होत नाही. तो निर्णय न्यायालयाचा. पण आरोपी निर्दोष सुटला, तरी गाडीचे काय करायचे हे न्यायालयाला वेगळे ठरवावे लागते. माळशेजच्या वळणावर गाडी सोडून चालक पसार झाला आणि कधी सापडलाच नाही, तरीही गाडी सरकारजमा होऊ शकते. अट एवढीच की ताब्यात घेतल्यापासून महिना उलटायला हवा आणि हक्क सांगणाऱ्याचे म्हणणे ऐकायला हवे. वाळूच्या गाडीसाठी तहसील कार्यालयाचे उंबरे झिजवण्याची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवावे, इथे तहसीलदारसाहेबांच्या हातात काही नाही.

“साहेब, मला काहीच माहीत नव्हतं!” हे वाक्य प्रत्येक मालकाच्या तोंडी असते. कायद्याला तेवढे पुरत नाही. मालकाला, त्याच्या हस्तकाला आणि गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याला, अशा तिघांनाही माहिती नव्हती, हे मालकाने सिद्ध करायचे. वर प्रत्येकाने पुरेशी खबरदारी घेतली होती, हेही दाखवायचे. म्हणजे ड्रायव्हरने परस्पर उद्योग केला, तर घरी झोपलेला मालकही अडकला. माझ्या मते या कायद्यातला सर्वांत कडक भाग शिक्षेचा नसून हा आहे.

ट्रक सुटला, तो असा

आसाममध्ये एका ट्रकमधल्या प्रवाशाकडे साबणाच्या डब्यांत २४.८ ग्रॅम हेरॉइन सापडले आणि ट्रक अडकला. मालकाचा तो एकुलता एक ट्रक, तोही कर्जावर. हप्ता महिन्याला लाखाच्या घरात! ७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बिश्वजित डे’ निकालात तो तात्पुरता सोडायला सांगितले. व्हिडिओ काढा, फोटो काढा, मालकाकडून हमी घ्या, पण ट्रक ऊनपावसात सडवू नका, असा सूर. न्यायालयाने चार प्रकारही सांगितले. माल खुद्द मालकाकडे सापडला, किंवा त्याच्या ड्रायव्हर-क्लीनरकडे सापडला, तर गाडी सहसा लगेच मिळणार नाही. गाडी चोरीची असेल किंवा माल भलत्याच प्रवाशाचा असेल, तर सहसा मिळेल. आळेफाट्याला हात दाखवणाऱ्या अनोळखी माणसाला गाडीत घेताना चौथा प्रकार आठवावा, आणि ड्रायव्हर ठेवताना दुसरा.

ठाण्याच्या आवारात गाड्या गंजवू नका, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणातही बजावले होते. आवारातल्या गाड्यांवर चढलेल्या वेली पाहिल्या की ते कितपत ऐकले गेले, याचा अंदाज येतो.

परदेशात याहून गंमत. अमेरिकेत खटला थेट वस्तूवरही चालतो. १९६५च्या एका प्रसिद्ध निकालात पक्षकाराचे नाव आहे ‘एक १९५८ची प्लिमथ सेडान’! गुन्हा दारूचा. १९७४च्या निकालात, भाड्याने दिलेल्या एका नौकेवर गांजा सापडला म्हणून नौका गेली. भाड्याने देणाऱ्या कंपनीला काही पत्ताच नव्हता. आणि इंडियानातल्या एका माणसाची ४२ हजार डॉलरची लँड रोव्हर हेरॉइनपायी गेली, तेव्हा गुन्ह्याचा कमाल दंड होता १० हजार डॉलर. राज्यांनाही अवाजवी दंडाची मनाई लागू आहे, असे २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले.

आपल्याकडे दुसराही फास आहे. गाडीने कधी गांजाची पुडीसुद्धा वाहिली नसेल, पण ती नशेच्या धंद्यातल्या पैशांतून घेतली असेल, तर कायद्याचे प्रकरण ‘पाच-अ’ तिला गाठते. नातेवाइकांच्या नावावर असली तरीही. पैसा स्वच्छ होता, हे सिद्ध करायचे धारकाने. अशी मालमत्ता विकून आलेली रक्कम जाते अमली पदार्थांच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या राष्ट्रीय निधीत.

हे सगळे लांबचे वाटत असेल, तर ऑक्टोबर २०२० आठवा. आपल्याच पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकण परिसरात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी २० किलो मेफेड्रोन पकडले होते. या पदार्थाचे ५० ग्रॅमपेक्षा जास्त वजन झाले की कायदा त्याला ‘व्यापारी प्रमाण’ म्हणतो.

शेवटी एक काम. एमएच १४ची जुनी गाडी मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सही करून विकली आणि मोकळे झालात? उद्या तीच गांजासह पकडली गेली, तर? कायद्याने राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विकलेल्या गाडीच्या आरसीवर अजून कोणाचे नाव आहे, ते आजच तपासून घ्या.