वसई चालते, विरार अडतं

फॉर्ममध्ये 'गाव' नावाचा एक रकाना असतो. त्यात अक्षरंच यावीत, आकडे किंवा भलतीसलती चिन्हं येऊ नयेत, असा नियम सर्व्हरवर लिहायचा असतो. त्यासाठी प्रोग्रामरला एक तयार खूण मिळते: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लिपीचिन्हांच्या यादीत, 'अक्षर' म्हणून नोंदलेलं असेल ते घ्या, बाकीचं परत पाठवा. आता या रकान्यात 'वसई' टाकून पाहा. फॉर्म पुढे जातो. 'विरार' टाका. लाल अक्षरांत उत्तर येतं, 'कृपया योग्य गाव लिहा.' नालासोपारा अडतं, अर्नाळा अडतं, आगाशी अडते, एवढंसं 'गास'सुद्धा अडतं.

कारण असं की व, स आणि ई ही तिन्ही युनिकोडच्या लेखी अक्षरं आहेत. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातलं हलन्त यांचा वर्ग मात्र निराळा, 'जोडचिन्हां'चा. 'विरार'मध्ये एक वेलांटी आणि एक काना, म्हणून ते नियमाबाहेर. दुरुस्ती एका ओळीची आहे: नियमात जोडचिन्हांचा वर्गही घालायचा. पण ती ओळ सुचायला कुणीतरी फॉर्म मराठीत भरून पाहायला हवा. आपल्याकडचे बहुतेक फॉर्म 'टेस्ट', 'एबीसी', 'जॉन' असं इंग्रजीत टाकून तपासतात आणि सुरू करतात.

वसई-विरार पट्ट्यातल्या लहान संस्थांना मी फॉर्म बनवून देतो. पतपेढीचा सभासद-अर्ज, शाळेचा प्रवेश-अर्ज, क्रीडा स्पर्धेची नोंदणी, सोसायटीचं तक्रारपत्र. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम किरकोळ वाटतं. मला ते तसं वाटत नाही. काउंटरवर माणूस समोर बसलेला असतो, त्याला चार शब्द बोलता येतात. फॉर्मपुढे बसलेल्या माणसाला फक्त नियम भेटतो, आणि तो नियम कुणीतरी त्याला न बघता लिहिलेला असतो.

'सबमिट' दाबल्यावर काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. ब्राउझर सगळे रकाने एका लांब ओळीत गुंफतो आणि सर्व्हरकडे धाडतो. या ओळीत मराठी अक्षर जसंच्या तसं जात नाही. 'व' जातो तीन बाइट बनून, प्रत्येकापुढे टक्क्याचं चिन्ह: ई-शून्य, ए-चार, बी-पाच. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन. म्हणून 'नाव २५ अक्षरांपेक्षा मोठं नको' हा निरुपद्रवी वाटणारा नियम बाइट मोजत असेल, तर घात होतो. 'फ्रान्सिस' घ्या. वाचताना आपण तीन अक्षरं मोजतो: फ्रा, न्सि, स. युनिकोडच्या हिशेबात ती नऊ होतात. बाइटच्या हिशेबात सत्तावीस. हे नाव आमच्या भागात घरोघरी आहे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणारं नाव मराठीत लिहिलं म्हणून फॉर्मनं 'फार मोठं' ठरवावं, हे मला सहन होत नाही. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत बाइटऐवजी अक्षरं मोजणारं वेगळं फंक्शन कित्येक वर्षांपासून आहे. ते वापरायचं, एवढंच.

पीएचपीचा जन्मच फॉर्मशी बांधलेला आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ती 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावानं खुली केली, आणि पुढे तिच्या नावात 'फॉर्म्स इंटरप्रिटर' आलं. आजही लहान संस्थांच्या स्वस्त होस्टिंगवर हीच भाषा हमखास चालते. नव्या मुलांना मी पहिल्यांदा एकच गोष्ट दाखवतो. ब्राउझरमधली तपासणी बंद करायची, पानाच्या कोडमधून 'आवश्यक' हा शब्द खोडायचा आणि रिकामा फॉर्म पाठवायचा. तो जातो. ब्राउझरमधले नियम भरणाऱ्याच्या सोयीसाठी असतात, त्याचा वेळ वाचावा म्हणून. संस्थेचं रक्षण सर्व्हरवरच्या नियमांनी होतं, कारण तिथपर्यंत भरणाऱ्याचा हात पोचत नाही. ड्रॉपडाऊनमधून आलेलं मूल्यसुद्धा सर्व्हरनं स्वतःच्या यादीशी ताडून घ्यायचं.

आता आडनावांकडे येतो, कारण वसईत फॉर्मची खरी कसोटी तिथेच लागते. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं इथे पोर्तुगीज होते. त्यांच्या मागे राहिलेली डिसोजा, डिमेलो, डिसिल्वा, डिकुन्हा ही आडनावं मराठीत सरळ लिहिली जातात, पण इंग्रजीत 'डी'नंतर वर एक स्वल्पविरामासारखी खूण येते, अपॉस्ट्रॉफी. नेमकी हीच खूण डेटाबेसच्या भाषेत मजकुराची सुरुवात आणि शेवट दाखवते. प्रोग्रामरनं फॉर्ममधलं नाव उचलून थेट हुकुमाच्या वाक्यात चिकटवलं, तर 'डी'पाशी डेटाबेसला वाटतं की नाव संपलं. उरलेलं 'सोजा' हा त्याला हुकूम वाटतो, तो काही समजत नाही आणि सगळं ठप्प होतं. डिसोजांनी काहीही चुकीचं केलेलं नसतं. त्यांनी आपलं नाव लिहिलेलं असतं.

याच फटीतून चोरही शिरतो. तो त्या खुणेपुढे 'सोजा'ऐवजी खराखुरा हुकूम लिहितो, सगळी यादी दाखव किंवा तक्ता पुसून टाक. या हल्ल्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, आणि जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकात त्याचं वर्णन केलं होतं. अपॉस्ट्रॉफीच्या या त्रासावर पीएचपीत एक घाईचा उपाय होता. 'मॅजिक कोट्स' नावाची सोय प्रत्येक अपॉस्ट्रॉफीआधी आपोआप एक तिरपी रेघ घाली. ती रेघ नावातच राहून जाई, पुन्हा जतन केलं की रेघा आणखी वाढत. २०१२ मध्ये पीएचपी ५.४ आली आणि ही सोय काढून टाकली गेली. योग्य उपाय त्याहून सोपा आणि स्वच्छ आहे. हुकुमाचं वाक्य डेटाबेसकडे आधी पाठवायचं, मूल्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं ठेवून. मूल्यं मागाहून वेगळी द्यायची. मग नावात काहीही असो, ते हुकूम म्हणून कधीच वाचलं जात नाही. याला प्रीपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात.

तरीही आळशी मार्ग सर्रास दिसतो: अपॉस्ट्रॉफीवरच बंदी. 'विशेष चिन्हं चालणार नाहीत.' सर्व्हर वाचतो आणि आडनाव मोडतं. कुणी दोन्ही भाग जोडून लिहितो, कुणी मधे जागा सोडतो, कुणी पुढचं अक्षर लहान करतो. एकाच घरात आधारवर एक रूप, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेत तिसरं. पुढे कर्जाच्या वेळी हीच रूपं जुळत नाहीत म्हणून प्रतिज्ञापत्र मागितलं जातं. एका पतपेढीत मी काउंटरमागे बसून लोक फॉर्म कसा भरतात ते पाहत होतो. तिथला जुना फॉर्म अजून चालू होता. क्लार्क मुलगी समोरच्या आजींना म्हणाली, "आजी, तुमचं नाव घेत नाहीये."

"घेत नाही म्हंजे? बाप्तिस्मा झाला तेव्हापासून हेच नाव आहे माझं."

नव्या फॉर्मची पहिली ओळ मी त्या दिवशी लिहिली: नावाच्या रकान्यात अक्षरं, जोडचिन्हं, मोकळी जागा, टिंब, आडवी रेघ आणि अपॉस्ट्रॉफी चालेल. आयफोनवर ती सरळ न येता वळणदार येते. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण डेटाबेसला ती दोन वेगळी चिन्हं, म्हणून साठवण्याआधी वळणदार खूण सरळ करून घेतली. तेच नाव परत पडद्यावर दाखवताना तिसरा सापळा असतो. रकान्याचं मूल्य एकेरी अवतरणात ठेवलं असेल तर तिथेही 'डी'पाशी नाव तुटतं. चिन्हं सुरक्षित करणारं पीएचपीचं फंक्शन २०२१ च्या ८.१ पासून ही खूणही आपोआप सुरक्षित करतं. जुन्या सर्व्हरवर ते स्पष्ट सांगावं लागतं.

मराठीतून भरणाऱ्यांचा सापळा आणखी सूक्ष्म आहे. ॲग्नेस, ॲन्थनी ही इथली रोजची नावं. त्यातला पहिला 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, अ लिहून त्यावर अर्धचंद्र देऊन. दोन, २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये स्वतंत्र आलेलं सबंध अक्षर वापरून. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांतही ही दोन रूपं एक मानलेली नाहीत. परिणामी एका कीबोर्डवरून नोंदवलेल्या ॲग्नेस दुसऱ्या कीबोर्डवरून शोधल्या तर 'असा सभासद नाही' असं उत्तर येतं. हे तयार साधनांवर सोडून भागत नाही. दोन्ही रूपांचं एक रूप करणारी ओळ हातानंच लिहावी लागते.

आकड्यांचंही तसंच. मराठी कीबोर्डवर पिनकोड ४०१२०१ असा देवनागरीत येतो. पीएचपीला त्याची संख्या करायला सांगा, उत्तर मिळतं शून्य. म्हणून तपासणीआधी सफाई: देवनागरी आकडे बदलून घ्या, आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढा, मोबाइल नंबराआधीचे अधिक एक्क्याण्णव किंवा शून्य काढा. मग मोजा. पिनकोडची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतज्ञ अधिकाऱ्यानं केली. ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. सहा आकडे, पहिला शून्य कधीच नाही. नियम इतका सुबक आहे की तो लिहायला मजा येते.

आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, डच गणितज्ञ व्हेरहोफ यांच्या १९६९ च्या पद्धतीनं. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी ती हमखास पकडते. पण नंबर रचनेनं बरोबर असणं वेगळं आणि तो त्या माणसाचा असणं वेगळं. खरं तर ज्या फॉर्मला आधारची गरजच नाही, त्यात तो रकाना ठेवू नये असं मी प्रत्येक संस्थेला आग्रहानं सांगतो. पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. त्यावरून आडनाव ताडून पाहण्याचा मोह होतो. तो टाळायचा. लोपीस घराण्यातली मुलगी लग्नानंतर डिसोजा झाली तरी तिचा पॅन नंबर बदलत नाही. 'एल' तसाच राहतो.

जन्मतारखेचा नियम लिहिताना महाराष्ट्रातली १ जून आठवावी लागते. जुन्या काळी शाळेत नाव घालताना खरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून टाकून देत. एकाच गावात एकाच नावाच्या, १ जूनच्या, एकाच सालच्या दोन स्त्रिया खरोखर असतात. 'नाव आणि जन्मतारीख जुळली, म्हणजे सभासद आधीच नोंदलेला आहे' हा नियम त्यातल्या दुसरीला दारातूनच परत पाठवतो. तिथे सर्व्हरनं नकार द्यायचा नाही, नोंद बाजूला ठेवून क्लार्कला विचारायचं. जिल्ह्याच्या रकान्यातही अशीच गल्लत होते. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या दाखल्यांवर 'ता. वसई, जि. ठाणे' आहे. दोन्ही खरं, दोन्ही घ्यायचं.

लोक फॉर्म भरतात कुठे, तर बरेचदा लोकलमध्ये. विरारहून चर्चगेटला जाताना, एका हातानं वरची कडी धरून. नायगाव सुटलं, गाडी खाडीवर आली, पडद्यावरचा गोल फिरत राहिला, की माणूस पुन्हा बटण दाबतो. फी दोनदा कापली जाऊ नये म्हणून फॉर्म उघडतानाच त्याला एक वापरून संपणारा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की नवी नोंद करायची नाही, पहिलीचीच पावती दाखवायची. आणि फॉर्म परत पाठवायची वेळ आली तर भरलेलं सगळं जागच्या जागी हवं. फोटोचा रकाना मात्र ब्राउझर पुन्हा भरू देत नाही. म्हणून आलेला फोटो सर्व्हरवर तात्पुरता जपून ठेवायचा आणि 'तुमचा फोटो मिळाला आहे' असं लिहायचं. उभ्यानं प्रवास करणाऱ्याला सगळं पुन्हा भरायला लावणं हा माझ्या मते त्याचा अपमान आहे.

संदेशांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. 'अवैध माहिती' यातून कुणालाच काही कळत नाही. 'पिनकोड सहा आकडी असतो, तुम्ही पाच आकडे लिहिले आहेत' हे कळतं. संदेश त्या रकान्याखालीच हवा, पानाच्या माथ्यावर नव्हे. नावाबाबत तर 'चुकीचं नाव' हे शब्द मी कोडमध्ये कुठेच राहू देत नाही. तिथे 'हे चिन्ह आम्हाला वाचता आलं नाही' असं येतं, आणि ते चिन्ह दाखवलं जातं.

फॉर्म सुरू झाला की नकारांची नोंद वाचायची. कुठल्या रकान्यानं, कुठल्या नियमानं, किती वेळा अडवलं, एवढंच तीत असतं. लोकांनी काय लिहिलं ते ठेवायचं नाही. त्या पतपेढीच्या नोंदीत नाव, पिनकोड, मोबाइल हे सगळं शांत होतं. अडवणूक होत होती ती 'आडनाव आवश्यक' या नियमानं. वसई पूर्वेच्या पाड्यांतून येणाऱ्या काही जणांच्या कागदांवर एकच नाव होतं. स्वीकारलेल्या अर्जांत दिसत होतं, आडनावाच्या रकान्यात ते टिंब टाकत, आडवी रेघ टाकत, कुणी तेच नाव दोनदा लिहीत. कमिटीपुढे मी हा तक्ता ठेवला. सचिव म्हणाले, "आपल्या छापील अर्जात कुठे आहे सक्ती?" छापील अर्ज काढून पाहिला. नव्हती. त्याच बैठकीत आडनावापुढची लाल चांदणी काढायचं ठरलं. वारसदाराच्या रकान्यात ती अजून आहे. तो नियम पोटनियमांशी ताडून पाहायचा आहे, ते काम पुढच्या बैठकीत.