मेल सर्व्हर माजघरात नको, देवडीवर बसवा

आज थेट मुद्द्यावर येऊ. छोट्या कंपनीने स्वतःचा मेल सर्व्हर नेटवर्कमध्ये ठेवायचा कुठे?

समजा, वैरागात बार्शी-सोलापूर रोडला एक डाळ मिल आहे. दहा-बारा कॉम्प्युटर, टॅलीचं एक मशीन, एक राउटर. मालक म्हणतात, मेल आपल्याच सर्व्हरवर पाहिजे. मग होतं काय, तर सर्व्हर टॅलीच्या शेजारी त्याच स्विचला लावतात, राउटरवर पोर्ट उघडतात आणि मोकळे होतात. चालतं की! पण धोका तिथेच आहे.

मेल सर्व्हरचं कामच मुळी अनोळखी लोकांशी बोलायचं. पोर्ट २५ वर जगातला कुठलाही सर्व्हर येणार आणि याने त्याचं ऐकून घ्यायचं. त्यात एखादी फट निघाली, की हल्लेखोर सरळ टॅलीच्या शेजारी येऊन बसतो. २ मार्च २०२१ ला मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हरमधल्या चार फटी जाहीर करून दुरुस्ती दिली, पण हल्ले आधीच सुरू झाले होते. जगभरातल्या हजारो ऑफिसांत घुसखोरी झाली. आत शिरायला पासवर्डसुद्धा लागत नव्हता. आणि गंमत बघा, दार पोर्ट २५ चं नव्हतंच. ब्राउझरमधून मेल बघता यावा म्हणून उघडं ठेवलेलं ४४३ होतं.

आता जुना वाडा डोळ्यासमोर आणा. परका माणूस देवडीवर थांबतो. निरोप आत जातो, माणूस नाही. नेटवर्कमधल्या या देवडीला डीएमझेड म्हणतात. फायरवॉलला तीन जोडण्या: एक इंटरनेटकडे, एक ऑफिसकडे, एक डीएमझेडकडे. डीएमझेडमध्ये फक्त रिले ठेवायचा, म्हणजे मेल घेऊन, स्पॅम गाळून पुढे देणारा छोटा सर्व्हर. पोस्टफिक्स पुरे. मेलबॉक्स मात्र आतल्या सर्व्हरवर, जमलं तर टॅलीपासून वेगळ्या व्हीलॅनमध्ये.

इंटरनेटवरून रिलेला फक्त २५. रिलेवरून फक्त मेलबॉक्स सर्व्हरला, तेही एकाच पोर्टवर. टॅलीकडे काहीच नाही. घरून मेल बघायचाय? व्हीपीएन लावा. आणि हे बरेच जण विसरतात: बाहेर जाणारं २५ फक्त रिलेला द्या. नाहीतर ऑफिसातला एखादा व्हायरस लागलेला पीसी स्पॅम पाठवत बसतो आणि कंपनीचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो.

लाईट गेली तर? येणारा मेल लगेच हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर तो रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. किमान चार-पाच दिवस प्रयत्न करावा असं मेलचं स्टँडर्डच सांगतं.

खरी अडचण मेल पाठवताना येते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं, शिवाय आयपीचा पीटीआर रेकॉर्डही. हा पीटीआर आपल्या हातात नसतो, आयपी देणारी कंपनी लावते. साध्या ब्रॉडबँडवर तर बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक आयपीच मिळत नाही.

म्हणून डाळ मिलसाठी माझं मत असं: देवडी भाड्याने घ्या. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये छोटा व्हीपीएस, त्यावर रिले, डोमेनचा एमएक्स तिकडे. वैरागातला मेलबॉक्स सर्व्हर स्वतःहून व्हीपीएनने त्याला जोडतो, त्यामुळे ऑफिसचा एकही पोर्ट उघडावा लागत नाही. लाईट नसेल तेव्हा मेल तिथेच थांबतो. फक्त व्हीपीएस घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: पोर्ट २५ उघडा देता का, आणि पीटीआर लावून देता का?