ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला का ओढते?

सुरतमधील पांडेसरा ही कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्यांसाठी ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत. खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली आहेत. दिवाळीला किंवा आखाजीला गावी गेलेली ही मंडळी धुळे-साक्रीमार्गे सुरतकडे परततात, तेव्हा वाटेत कोंडाईबारी घाट उतरावा लागतो. बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यात येणाऱ्यांची स्थितीही निराळी नसते. गाडीत मुलेबाळे, सामानाचा भार आणि पुढे वळणांचा उतार. अशा वेळी ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली, तर चालकाच्या हाती सावरण्यासाठी क्षणभराचाच अवधी असतो. गाडी उजवीकडे ओढली, तर ती थेट समोरून येणाऱ्या वाहनापुढे जाते.

मूळ नियम

दोन्ही पुढच्या चाकांचे ब्रेक समान लागले, तरच गाडी सरळ थांबते. एका बाजूचा ब्रेक अधिक लागला, की ते चाक अधिक मंदावते आणि गाडी त्याच बाजूला वळते. येथेच अनेकांची गफलत होते. गाडी डावीकडे ओढते म्हणून डाव्या चाकाची दुरुस्ती केली जाते. प्रत्यक्षात डावा ब्रेक चोख असतो आणि उजवा कमकुवत झालेला असतो. म्हणून तपासणी नेहमी दोन्ही बाजूंची करावी.

आधी सोपी कारणे

ब्रेक न दाबताही गाडी ओढत असेल, तर दोष टायरमध्ये किंवा व्हील अलाइनमेंटमध्ये असू शकतो. टायर थंड असताना हवा मोजावी. एकाच आसावरील दोन्ही टायरांची हवा सारखी असावी, त्यांची झीजही फारशी भिन्न नसावी. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे किंचित उतरता बांधलेला असतो. त्यामुळे गाडी थोडी डावीकडे सरकणे हा दोष नव्हे. परीक्षा सपाट, मोकळ्या रस्त्यावर व कमी वेगात घ्यावी.

पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. साचलेल्या पाण्यातून गेल्यावरही ब्रेक ओले होतात. अशा वेळी पहिल्या काही ब्रेकना गाडी ओढू शकते. हलके ब्रेक मारत गेल्यावर ही तक्रार थांबली, तर चिंतेचे कारण नाही. कायम राहिली, तर मात्र तपासणी हवी.

चाकाची उष्णता काय सांगते?

ब्रेकचा कमीत कमी वापर करून चार-पाच किलोमीटर गाडी चालवावी आणि हळूहळू थांबवावी. रिमजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. डिस्कला स्पर्श करू नये, भाजण्याचा धोका असतो. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे तापलेले असेल, तर त्याचा ब्रेक सुटत नाही. कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना गंजून अडकल्या असाव्यात. ब्रेकचा रबरी पाइप आतून सुजला, तरीही ऑइलचा दाब परत सुटत नाही.

याउलट, अनेकदा ब्रेक वापरल्यानंतरही एक पुढचे चाक थंडच राहिले, तर त्याचा ब्रेक पुरेसा लागत नाही. पॅडवर ऑइल किंवा ग्रीस लागणे, पॅड असमान झिजणे, कॅलिपर अडकणे, पाइपमध्ये हवा राहणे ही त्याची कारणे. ऑइल लागलेले पॅड पुसून वापरू नयेत. गळती थांबवून दोन्ही बाजूंचे पॅड एकाच वेळी बदलावेत.

ब्रेक लावताना खालून ‘खट्’ असा आवाज येत असेल, तर लोअर आर्मचा बुश झिजलेला असू शकतो. तेव्हा ब्रेकच्या जोराने चाकच जागचे किंचित हलते. स्टिअरिंग नुसते थरथरत असेल, तर तो निराळा दोष. तेथे डिस्कची असमान जाडी तपासावी.

घाट उतरण्यापूर्वी

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. मानकानुसार डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास जुने ऑइल उकळते, वाफ होते आणि पेडल खोल जाते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी, अथवा कंपनीच्या पुस्तिकेनुसार, ऑइल बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

पेडल मऊ लागत असेल, ऑइलची पातळी घटली असेल किंवा ब्रेकचा इशारा देणारा दिवा पेटला असेल, तर गाडी चालवत गॅरेजला न नेता मेकॅनिकला बोलवावे. नुसते ‘गाडी ओढते’ न म्हणता ती कोणत्या बाजूला, थंड असताना की तापल्यावर आणि ब्रेक दाबतानाच की एरवीही ओढते, हे सांगावे. या तीन उत्तरांवरून दोष लवकर सापडतो आणि अनावश्यक सुटे भाग बदलण्याचा खर्च टळतो.