उभ्या गाडीचे आजार

दादरमध्ये गाडी चालवून बिघडत नाही, उभी राहून बिघडते. हिंदू कॉलनीत आमच्या इमारतीच्या फाटकालगतची जागा एकदा सोडली की परत मिळेल याची हमी प्रत्यक्ष ब्रह्मदेवही देणार नाही. त्यामुळे माणसं टॅक्सीनं जातात आणि गाडी जागा धरून बसते. माझी १९८६ची प्रीमियर पद्मिनी हाच उद्योग करते. शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, हातात वेळ आला, तसं बॉनेट उघडायला लागले. तिची बहुतेक दुखणी किती किलोमीटर झाले यावर नाही, तर किती आठवडे इंजिन तापलं नाही यावर ठरतात, हे तेव्हा दिसलं.

गाडी मूळची इटलीची, जन्म मात्र कुर्ल्याचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. फियाटशी करार पुढे झाला. आधी ‘डुक्कर फियाट’ आली, १९६४मध्ये ११०० डी आली आणि १९७४पासून तिचंच नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बिडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड, एक कार्बोरेटर. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. बॉनेट वर केलं की इंजिनाच्या बाजूंनी खालची जमीन दिसते. हात जातो, पाना फिरतो. घरी दुरुस्ती जमते ती मुख्यतः एवढ्याचमुळे. हल्लीच्या गाड्यांत प्लग कुठे आहे हे शोधायलाच आधी प्लास्टिकचं झाकण काढावं लागतं.

गाडी चालू होत नसली की लोक सेल्फ मारत बसतात, बॅटरी संपवतात आणि मग वॉचमनला धक्का मारायला बोलावतात. नायगावचे एक वयस्क फियाट मिस्त्री मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “बाई, पाना नंतर. आधी सांगा, करंट नाही की पेट्रोल नाही?” बॅटरी सेल्फ फिरवत असेल तर पेट्रोल इंजिनाची जवळजवळ सगळी भानगड या एका प्रश्नात बसते. प्लग काढून पाहा. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचलंय, करंट नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच वर आलेलं नाही.

करंटचा प्रवास बघण्यासारखा आहे. बॅटरी फक्त १२ व्होल्टची. प्लगच्या फटीत ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये तांब्याच्या तारेचे दोन वेढे असतात, एक जाड आणि थोडक्या फेऱ्यांचा, दुसरा बारीक आणि हजारो फेऱ्यांचा. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जुळलेले असताना जाड वेढ्यातून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र एकदम कोसळतं आणि बारीक वेढ्यात प्रचंड दाब उसळतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतात. विद्युतचुंबकीय प्रवर्तन मी जन्मभर फळ्यावर शिकवलं. फॅराडेचा प्रयोग फाटकाशी उभा होता.

या पॉइंटचं टोक म्हणजे शर्टाच्या छोट्या बटणाएवढंही नसतं. दादरची दमट हवा आणि गाडीचं बसून राहणं, यांनी त्यावर करडा थर चढतो आणि करंट अडतो. उपाय साधा: इग्निशन बंद करून झाकण काढायचं, बारीक पॉलिश पेपरची घडी पॉइंटमधून दोन-तीनदा ओढायची, मग स्वच्छ कापड. फट सुमारे ०.४५ मिलिमीटर ठेवायची, फिलर गेजनं मोजून. प्लगची फट ०.६च्या आसपास, हॅक्सॉचं पातं साधारण तेवढंच जाड असतं, म्हणून जुने मिस्त्री तेच वापरतात. साफ केलेले पॉइंट चार दिवसांत पुन्हा जळाले, तर दोष पॉइंटचा नसून बाजूच्या कंडेन्सरचा. आणि प्लगच्या वायरी काढल्यात तर कुठली कुठे होती हे लिहून ठेवा. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी फटाके वाजवते, पुढे जात नाही.

पेट्रोलची गोष्ट निराळी. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उभ्या गाडीत हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट राळ ठेवतं. जेटची भोकं मिलिमीटरच्या आसपासची, काही त्याहून बारीक. तिथे कणभर राळही पुरते. लक्षण ओळखीचं आहे: रेस दिली की गाडी चालते, पाय काढला की बंद पडते. म्हणजे आयडलचा जेट तुंबला. तो पेचकसानं निघतो. सायकलच्या पंपानं हवा मारायची. टाचणी किंवा तार कधीही घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्या काळच्या रबराला मानवत नाही. पाइप फुगतात, पंपाचा पडदा कडक होतो. रबरी पाइप मी इथेनॉलला टिकणारे घातले. गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल ही गंमत नव्हे.

मे महिन्यात पेट्रोलचा पंप, जो इंजिनालाच बसवलेला असतो, इतका तापतो की पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि ओढ तुटते. काळी-पिवळी टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. फडकं आजही चालतं.

तेलाकडे मात्र लोकांचं लक्षच नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन, हिशेब नववीचा आहे. इंजिन तापलेलं असलं की त्याची वाफ सायलेन्सरमधून जाते. गार इंजिनात थोडी वाफ रिंगांच्या फटीतून खाली उतरते आणि तेलात मिसळते. टिळक पुलावरून शिवाजी पार्कला जाऊन परत येणं एवढाच गाडीचा प्रवास असेल, तर ते पाणी उडायला वेळच मिळत नाही. तेलाचं झाकण काढल्यावर आतून ताकासारखा पांढरा फेस दिसतो. तो बघून काहींना लगेच हेड गॅस्केट गेल्याचे भास होतात आणि गॅरेजवाल्यालाही ते भास सोयीचे असतात. दोन गोष्टी बघा. रेडिएटरचं पाणी कमी होतंय का? फेस डिपस्टिकवरही आहे का? दोन्ही उत्तरं नाही असतील तर गाडीला फक्त व्यायाम हवा आहे. रविवारी पहाटे वरळी सी-फेसवरून मलबार हिलचा चढ आणि परत, चांगला अर्धा तास. जागच्या जागी चोक ओढून दहा मिनिटं चालू ठेवणं हा व्यायाम नव्हे. उलट जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. किलोमीटर भरले नाहीत तरी तेल वर्षातून एकदा बदलायचं. काढलेलं काळं तेल गटारात ओतणाऱ्याला मी फाटकाबाहेर उभं करीन. डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात द्यावं.

दोन्ही उत्तरं हो असतील, तर पाने गुंडाळून ठेवा आणि मिस्त्रींना फोन करा. अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त पसरतं, म्हणून इंजिन एकदा उकळलं की हेडला बाक येतो. ते सपाट करायला मशीन लागतं. बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, ठरलेल्या क्रमानं, टॉर्क पान्यानं आवळतात. आमच्या फाटकाशी हे होणार नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडणं आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं, या दोन गोष्टी तर कुणीच करू नयेत.

बॅटरीची वायर सोडताना आधी निगेटिव्ह, लावताना ती शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की आतषबाजी. पावसाळ्यात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये, ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून टायरखाली वीट लावावी. हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यात फॅन डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडवतो आणि गाडी बंद पडते. कोरड्या फडक्यानं झाकण पुसलं की बहुधा चालू होते. पण पाणी एअर फिल्टरपर्यंत चढलं असेल तर सेल्फला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

सुटे भाग ऑपेरा हाऊसला मिळतात, मोडीतले कुर्ल्याला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर बाद झाली. तेव्हापासून दुकानदार ‘फियाट’ म्हटलं की आधी माझ्याकडे आणि मग माळ्याकडे बघतो. पॉइंट, कंडेन्सर, फॅनबेल्ट, पंपाचा पडदा मी जोडीनं घेऊन ठेवते.

खासगी गाडीला १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच, शिवाय पीयूसी. ती चिठ्ठी लोक न वाचता खणात टाकतात. या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. पहिला आकडा चढला तर पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर, अडकलेला चोक किंवा फ्लोट बघा. पहिला ठीक आणि दुसराच चढलेला असेल तर कुठला तरी सिलिंडर मिसिंग करतोय, पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. मागच्या तपासणीत माझ्या गाडीचं हेच निघालं. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, तर तिसऱ्या प्लगच्या वायरीवरून निळी ठिणगी ब्लॉकवर उडताना दिसली. वायरीचं रबर तडकलं होतं. वायर बदलली आणि दुसऱ्या दिवशी हायड्रोकार्बनचा आकडा मर्यादेच्या बराच खाली आला.